आधी सांगायचं वाक्य

रेडिओ जन्मली तेव्हा रडली नाही, उलट दाईचीच विचारपूस केली, असं तिचा बाप चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा. ते सोडून द्या, पण पुढचं मात्र खरं. पोरगी बोलायला लागली त्या वर्षी शेजाऱ्यांचा पोपट गप्प झाला तो कायमचा. त्याला वाटलं असावं, आता आपलं इथे काय काम. कुठे रांगेत उभी राहिली तर पुढची बाई आपला नंबर लागेपर्यंत सुनेचं, सासूचं आणि गुडघ्याचं सगळं गाऱ्हाणं हिच्या कानात ओतून मोकळी व्हायची. दाखल्यावरचं नाव शाळेबाहेर कुणाला आठवत नव्हतं. घरीदारी सगळ्यांची ती रेडिओ.

अशी ही पोरगी समाजकार्य शिकायला गेली. आईला हायसं वाटलं. म्हणाली, बोलून बोलून ज्यांचं भलं करायचं त्यांचं कर बाई, आमच्या कानांना सुट्टी मिळू दे. आणि कॉलेजात पहिल्याच महिन्यात तिला काय शिकवलं असेल? गप्प बसायला.

तिथले सर शिकवायला उभे राहिले की भिंतीवरचं घड्याळसुद्धा पेंगायचं, दहाच्या तासाला सव्वानऊ दाखवायचं. पण त्या गुंगीतही काही गोष्टी रेडिओच्या डोक्यात पक्क्या बसल्या. माणूस जिथे उभा आहे तिथून सुरुवात करायची, आपण उभे आहोत तिथून नाही. त्याच्या आयुष्याचा निर्णय त्यानं घ्यायचा, आपण नाही. त्याचे शब्द त्यालाच परत द्यायचे, म्हणजे त्याला ते नीट ऐकू येतात. आणि सगळ्यात आधी, अगदी खुर्चीवर टेकायच्याही आधी, एक वाक्य सांगायचं: तुम्ही सांगाल ते मी माझ्यापाशी ठेवीन, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मला ते पुढे सांगावंच लागेल. रेडिओनं हे वाक्य आरशाला सांगितलं, मांजराला सांगितलं, कुकरलाही सांगितलं. परीक्षेत त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मार्क पडले.

मग प्रत्यक्ष कामासाठी तिला एका कुटुंब मदत केंद्रात पाठवलं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यापासूनच रबराचा वास, आणि एक पत्र्याचं कपाट, जे लाथ घातल्याशिवाय उघडत नसे. तिथल्या मुख्य बाईंना विद्यार्थी पाठीमागे कात्री म्हणत. विद्यार्थ्यांनी प्रत्येक भेटीतला शब्दन् शब्द लिहून आणायचा, तीन रकाने आखून. कोण काय बोललं, तेव्हा मला काय वाटलं, मी कोणतं कौशल्य वापरलं. कात्रीबाई लाल पेन घेऊन बसल्या की ‘बिचारी’, ‘हृदयद्रावक’, ‘डोळ्यांत पाणी तरळलं’ यांचा नुसता खच पडायचा. एका मुलाच्या बारा पानांतून शेवटी तारीख आणि पत्ता एवढंच वाचलं म्हणे, आणि पत्ताही चुकलेला निघाला.

गप्प बसण्याची खरी तालीम कात्रीबाईंनीच दिली. समोरचा थांबला की मनात वीस मोजायचे. पहिले दहा तुझे, म्हणाल्या, तुला अवघडल्यासारखं होतं ते जायला. पुढचे दहा त्याचे. पहिल्या दिवशी रेडिओ सहापर्यंत पोचली आणि तिला उचकी लागली. दोन महिन्यांत मात्र ती अशी तयार झाली की घरी आई घाबरली, पोरीला नजर लागली की काय म्हणून.

मग एक दिवस कात्रीबाईंनी कपाटाला लाथ घातली आणि इस्त्रीवालीची फाईल बाहेर काढली.

ही बाई एका लॉण्ड्रीसाठी घरी बसून कपड्यांना इस्त्री करायची. नवरा दुसऱ्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. घरात ती आणि चार वर्षांची मुलगी, ठकी. ठकी सकाळी बालवाडीत जायची, दुपारी घरी असायची. तिचे मोजे काढताना बालवाडीच्या बाईंना उजव्या घोट्याभोवती बांगडीसारखी खूण दिसली. पंधरा दिवसांनी पाहिलं तर तशीच. केंद्रातून एकापाठोपाठ एक तिघीजणी जाऊन आल्या होत्या. तिघींच्या नोंदी जवळजवळ सारख्या. सेविकेनं गोपनीयतेची मर्यादा समजावून सांगितली. आई गप्प राहिली. मुलगी मोज्यांची रबरं घट्ट आहेत म्हणाली.

रेडिओनं त्या नोंदी दोनदा वाचल्या आणि तिच्या सुपीक डोक्यात एक किडा वळवळला. तिघींनी दारातच ते वाक्य टाकलं, आणि दारातच बाईचं तोंड शिवलं गेलं. म्हणजे वाक्य चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. आपण सांगू की. जरा बसू, ओळख होऊ दे, मग सांगू. यात कुणाला फसवायचा तिचा विचार नव्हता. तिला फक्त चौथी गप्प नोंद व्हायचं नव्हतं.

पहिल्या भेटीत इस्त्रीवालीनं मान वर केली नाही. खोली एकच. मधोमध मोठं टेबल, त्यावर दुहेरी घातलेलं ब्लँकेट, कडेला पाण्याचा वाडगा, भिंतीला लागून शर्टांच्या चळती, प्रत्येक कॉलरला दोऱ्यानं बांधलेली नंबराची चिठ्ठी. बसायला जागा नव्हती म्हणून रेडिओ गाठोड्यावर बसली. ठकी टेबलाखाली चिठ्ठ्यांशी खेळत होती. रेडिओ अर्धा तास शर्टांबद्दल बोलली. कफ आधी की कॉलर आधी, हे तिनं विचारलं तेव्हा इस्त्रीवाली पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाली, “कॉलर आधी. एवढंही येत नाही होय?”

दुसऱ्या भेटीत तिनं रेडिओच्या हातात पाण्याचा वाडगा दिला, शिंपडा म्हणाली. रेडिओनं इतकं शिंपडलं की ठकी टेबलाखालून हसत बाहेर आली. वाक्य तेव्हाही राहून गेलं. इतकी चांगली दुपार, ती कशाला नासवायची?

तिसऱ्या भेटीत इस्त्रीवाली स्वतःहून बोलत होती. पाय दुखतात, उभं राहून राहून शिरा फुगतात. कपडे पोचवायला रोज दोन खेपा होतात, रस्ता ओलांडून पार त्या टोकाला. मग बोलता बोलता थांबली. रेडिओ मोजू लागली. सातवर इस्त्रीवालीनं शर्ट उलटा केला. बारावर इस्त्री उभी करून ठेवली. सतरावर तिनं विचारलं, “हे कुठे जाणार नाही ना?”

वाक्य रेडिओच्या जिभेच्या टोकावर होतं. मांजराला, कुकरला सांगितलेलं, पाठ असलेलं. ते उच्चारलं की समोरची बाई पुन्हा इस्त्री उचलणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“नाही,” ती म्हणाली. “तुमच्या-माझ्यातच राहील.”

इस्त्रीवालीनं ठकीकडे पाहिलं. ठकी गाठोड्यावर झोपली होती.

“थोरली होती मला एक,” ती म्हणाली. “तीन वर्षांची. मी कपडे द्यायला निघाले, शेजारणीला म्हटलं, बघशील का हिला? बघते म्हणाली. बघतेच म्हणाली हो ती. मग तिच्या दाराशी कुणी आलं, ती आत गेली. मी रस्त्याच्या पलीकडे होते. थोरलीनं मला पाहिलं आणि धावत सुटली.”

रेडिओनं मोजलं नाही. मोजायचं सुचलंच नाही.

“आता कुणावर टाकत नाही. हिला बांधून जाते. या टेबलाच्या पायाला. जुन्या चादरीची पट्टी केलीय, आतून मऊ आहे. चाळीस मिनिटं लागतात. कधी पन्नास.” मग म्हणाली, “रडत नाही आता. आधी रडायची.”

ते ऐकून रेडिओला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर जिना उतरताना तिची छातीही फुगली. तिघींना जे जमलं नव्हतं ते हिनं करून दाखवलं होतं. घरी येऊन कागदावर तीन रकाने आखले आणि पहिल्या ओळीवरच पेन थांबलं. आता हे लिहायचं म्हणजे बाईला दिलेला शब्द मोडायचा. न लिहायचं म्हणजे काय, याचा तिनं नीट विचारच केला नाही. तिला ती मऊ पट्टी दिसत होती, आणि रस्त्याच्या अलीकडून धावत सुटलेली पोरगी. तिनं सगळं लिहिलं, वाचलं, फाडलं, आणि दुसरं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कात्रीबाईंनी कागद वाचला. लाल पेनाचं टोपण काढलंच नाही.

“इथे तू गप्प बसलीस. किती मोजलेस?”

“वीस, बाई.”

“आणि वीस झाल्यावर ती म्हणाली, यंदा उकाडा फार आहे.”

“हो.”

“एकतीस वर्षं झाली मला या कामाला,” कात्रीबाई म्हणाल्या. “एवढं थांबल्यावर उकाड्याबद्दल बोललेला माणूस मी अजून पाहिला नाही. आणि ‘मला काय वाटलं’ या रकान्यात तू लिहिलंयस, काही नाही. तू? काही नाही?”

रेडिओनं सांगितलं. इस्त्रीवालीनं स्वतःची केली नसती एवढी तिची वकिली केली. पट्टी मऊ आहे, बाई मारत नाही, पोरीवर जीव आहे तिचा, थोरलीचं असं झालं म्हणून. सगळं ऐकून घेतल्यावर कात्रीबाईंनी विचारलं, “दाराला कुलूप कुठून लावते?”

“बाहेरून.”

“इस्त्री?”

“बंद करून जाते. पिन काढून ठेवते.”

“निवायला किती वेळ लागतो?”

रेडिओला माहीत नव्हतं.

“टेबलावर काय अंथरलंय?”

“ब्लँकेट.”

“डाग आहेत त्यावर?”

“आहेत,” रेडिओ म्हणाली. “जळल्याचे.”

“आणि पोरीला कुठल्या टेबलाला बांधते?”

रेडिओ खाली बसली. खुर्ची आहे की नाही हेही तिनं बघितलं नाही. तीन दुपारी ती त्या खोलीत बसली होती, शर्टांवर पाणी शिंपडलं होतं, ब्लँकेटवरची तपकिरी त्रिकोणी भोकं जवळून पाहिली होती. बाईचं दुःख तिला एवढं लख्ख दिसलं की त्याच्या उजेडात खोली दिसलीच नाही.

कात्रीबाईंनी फोन उचलला. पाळणाघरात दुपारची एक जागा, एवढंच हवं होतं. एका पाळणाघरानं पाच महिन्यांनी विचारा सांगितलं. दुसऱ्यानं यादीत नाव घालतो म्हटलं. तिसऱ्याशी कात्रीबाई इतक्या चढ्या आवाजात बोलल्या की खाली टायरवाल्यानं हातोडा थांबवला. जागा मिळाली नाही. लॉण्ड्रीच्या मालकाला विचारलं, कपडे न्यायला तुमचा माणूस येईल का. तो म्हणाला, मग मला दुसरी इस्त्रीवाली बघावी लागेल.

रेडिओनं विचारलं, पाळणाघराची जागा मिळेपर्यंत बालकल्याण समितीला कळवायचं आपण थांबवू शकत नाही का, तोवर मी जाऊन बसते दुपारी. कात्रीबाई म्हणाल्या, पाच महिने, रोज दोन खेपा, तुझं कॉलेज, तुझा ताप, तुझी परीक्षा. एक दिवस तू उशिरा पोचशील. रेडिओ अगदी हळू म्हणाली, “मी ते वाक्य आधी सांगितलं असतं, तर ती बोललीच नसती.”

“नसती बोलली.”

“मग आपल्याला कळलंच नसतं.”

“नसतं कळलं,” कात्रीबाई म्हणाल्या. “पहिल्यांदा गेलेली मीच होते. नियमाप्रमाणे दारात सांगितलं, नियमाप्रमाणे परत आले.” मग त्यांनी एवढंच सांगितलं, की समितीचा कागद तिच्या हातात पडायच्या आत तू तिच्या दारात असली पाहिजेस. दुसरं कुणी जाणार नाही. मीसुद्धा नाही.

रेडिओ गेली. इस्त्रीवालीनं कुठून तरी एक स्टूल पैदा करून ठेवलं होतं, पुसून. आज गाठोड्यावर नको, म्हणाली. रेडिओ बसली नाही. उभ्या उभ्या तिनं सांगितलं, मी शब्द दिला तो द्यायला नको होता. मला हे पुढे सांगावं लागलं, सांगून झालंय. समिती बोलावेल. ठकीला काही दिवस बालगृहात ठेवतील असं दिसतंय.

इस्त्रीवालीचा हात थांबला नाही. तिनं बाही पूर्ण केली, शर्टाची घडी घातली, चिठ्ठी वर काढली. मग म्हणाली, “आधी तिघी आल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं, आम्हाला सांगावं लागेल. म्हणून त्यांना नाही सांगितलं.” दुसरा शर्ट ओढला. “तुम्ही नाही म्हणालात, म्हणून सांगितलं.”

रेडिओजवळ पाच-पन्नास वाक्यं होती. तुम्हाला राग येणं साहजिक आहे. मी तुमच्या जागी असते तर. सगळी शिकलेली, सगळी सरावाची. तिनं एकही काढलं नाही.

समितीपुढे इस्त्रीवाली एक अक्षर बोलली नाही. लांब टेबलापलीकडून त्यांनी विचारलं, मुलीला बांधता हे खरं का, दुसरी सोय का केली नाहीत, पुढे काय करणार आहात. ती हातावरच्या भाजल्याच्या डागांकडे बघत बसली. रेडिओनं सांगायचा प्रयत्न केला, थोरलीचंही सांगितलं. एक सदस्य बाई मान हलवत राहिल्या, त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. तरी कागदावर उतरलं ते असं, की आई सहकार्य करत नाही. पाळणाघरात जागा मिळेपर्यंत मुलीला बालगृहात ठेवावं. दर रविवारी भेट.

मंगळवारी सकाळी अकराला गाडी आली. रेडिओ बालगृहाच्या बाईंबरोबर आली होती, कागदपत्रं घेऊन. इस्त्रीवालीनं ठकीचे सगळे कपडे इस्त्री करून ठेवले होते. फ्रॉक, चड्ड्या, मोजेसुद्धा. पिशवी इतकी नीट भरली होती की बालगृहाच्या बाई म्हणाल्या, वा, असं कुणी देत नाही. ठकीला गाडीत बसायला मिळतंय म्हणून ती खूश होती. खिडकीशी बसून तिनं काचेवर फुंकर मारली आणि बोटानं रेघा ओढल्या.

इस्त्रीवाली रेडिओजवळ आली. समितीच्या दिवसापासून ती तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

“लिहून घ्या,” ती म्हणाली.

रेडिओनं पेन काढलं.

“दूध साय काढून लागतं. कान दुखतो, डावा, गार वारं लागलं की. आणि झोपताना पाय धरावा लागतो. उजवा. घोट्याशी. सवय झालीय तिला. पाय मोकळा राहिला की दचकून उठते. झोप लागेपर्यंत धरायचा, घट्ट नाही, नुसता. लिहिलंत?”

“लिहिलं.”

“वाचून दाखवा.”

रेडिओनं वाचून दाखवलं. इस्त्रीवालीनं ‘घट्ट नाही’ तिथे मान हलवली.

“कोण धरेल?” तिनं विचारलं.

रेडिओ ते बालगृह पाहून आली होती. एका खोलीत बत्तीस मुलं आणि पाळीला एक बाई. ‘धरतील’ हा शब्द तिच्या तोंडाशी आला होता, अगदी ओठांपर्यंत. इस्त्रीवाली तिच्या तोंडाकडेच बघत होती.

“माहीत नाही,” रेडिओ म्हणाली. “हा कागद मी तिथल्या बाईंना वाचून दाखवीन. त्या धरतील की नाही, ते मला माहीत नाही.”

इस्त्रीवाली वळली, गाडीच्या उघड्या दारातून आत वाकली आणि ठकीचा उजवा पाय हातात घेतला. ठकीनं काचेवरची रेघ पुरी केली आणि आईला दाखवली. छान आहे, इस्त्रीवाली म्हणाली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. बाई, बाजूला व्हा, म्हणाला. तिला ऐकू आलं नसावं. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मऊपणानं. मग दार लावता यावं म्हणून तिनं हात काढला.